बालाघाटच्या निवांत वाटा

सोलापुराहून तुळजापुरास जाऊन आलेल्या श्रोत्यांना तामलवाडी हें नांव अपरिचित नसेल. धाराशिव जिल्ह्याच्या तुळजापूर तालुक्यांतील हें गांव राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ५२ वर, मराठवाड्यांत शिरतांना आरंभींच लागतें. मोटारींतून जाणाऱ्यास तें बहुधा टोलनाक्यापुरतेंच भेटतें. नाक्याशीं गाडी क्षणभर मंदावते, दोन्ही हातांचा उघडा माळ डोळ्यांपुढून सरकतो, आणि गाडी पुन्हा वेग घेते. चौपदरी रस्ता वेगासाठींच बांधलेला असतो. त्यानें आपलें काम केलें तर त्यास दोष देण्याचें कारण नाहीं.

परंतु वर्षांतून कांहीं दिवस असे येतात कीं, याच रस्त्यावरील इंजिनांचा आवाज थांबतो. दसऱ्यानंतर तुळजाभवानी मंचकी निद्रेस जाते, आणि आश्विनी पौर्णिमेच्या, म्हणजे कोजागिरीच्या सुमारास सोलापूर शहरांतून व त्याच्याही पलीकडून, कर्नाटक-तेलंगणांतून, भाविकांचे लोंढे पायीं तुळजापुरास निघतात. त्यांच्यासाठीं सोलापूर-तुळजापूर मार्ग प्रशासनाच्या आदेशानें मोटारींस बंद होतो व वाहतूक दुसऱ्या वाटांनीं वळविली जाते. मग चांदण्यांत तामलवाडीवरून जो समुदाय जातो, त्यांत काठी टेकीत चालणारे वृद्ध असतात, अनवाणी तरुण असतात, कडेवर मूल घेतलेल्या बायाही असतात. रस्ता तोच, चढही तोच. फरक एवढाच कीं, मागून कांहीं येत नाहीं ना, हें पाहण्यासाठीं कोणासही मान वळवावी लागत नाहीं.

शांत रस्ता कशास म्हणावें, याचें उत्तर त्या रात्रीं मिळतें. ज्या रस्त्यावर पायीं जाणारास किंवा सायकल चालविणारास आपलें अर्धें लक्ष पाठीमागें ठेवावें लागत नाहीं, तो शांत रस्ता. असा रस्ता कोजागिरीच्या चार दिवसांपुरता नव्हे, तर बाराही महिने मिळूं शकेल काय? तामलवाडीच्या आसपासचा प्रदेश पाहिला म्हणजे या प्रश्नाचें उत्तर होकारार्थी द्यावें लागतें. आणि विशेष हें कीं, त्यासाठीं नवें कांहीं बांधावयाचें नसून, जें आहे तें तुटूं न देणें एवढेंच काम आहे.

प्रथम भूमीची ओळख करून घेणें अवश्य आहे, कारण सायकलस्वाराचा मित्र किंवा शत्रु तीच. बालाघाटची रांग हरिश्चंद्रगडाच्या बाजूस सह्याद्रीपासून फुटते व अहिल्यानगर, बीड, धाराशिव, लातूर अशी आग्नेयेकडे पसरत जाते. तिच्या एका अंगाचें पाणी मांजरेच्या द्वारें गोदावरीस मिळतें, तर दुसऱ्या अंगाचें सीना व बोरी या नद्यांच्या वाटेनें भीमेस जातें. हा सगळा मुलूख काळ्या बेसॉल्ट खडकाचा आहे. सुमारें साडेसहा कोटी वर्षांपूर्वीं जमिनीच्या भेगांतून लाव्हारस वारंवार बाहेर पडला आणि थरावर थर पसरून थंड झाला. पुढें कठीण थर टिकले, मऊ थर झिजले, आणि डोंगरास जिन्याच्या पायऱ्यांचें रूप आलें. भूगर्भशास्त्रांत या खडकास ‘ट्रॅप’ म्हणतात. तो शब्दही जिना या अर्थाच्या स्वीडिश शब्दावरूनच आलेला आहे.

पायरीवर चालणें सोपें, पायरी चढणें अवघड. या मुलखांत सायकल चालविण्याचें सारें मर्म एवढ्यांत आलें. सोलापूर समुद्रसपाटीपासून सुमारें ४६० मीटर उंचीवर आहे आणि तुळजापूर सुमारें ६५० मीटर. दोहोंमधील अंतर सुमारें ४५ किलोमीटर. सरासरी काढली तर दोनशें चाळीस मीटर जावें तेव्हां एक मीटर चढ, म्हणजे पायास जाणवूंही नये इतका. परंतु सरासरी फसवी असते. या चढाचा मोठा भाग तुळजापूरच्या पायथ्याशीं, पठाराच्या कांठावर एकवटलेला आहे. तामलवाडी या पायरीच्या खालीं आहे. म्हणून तामलवाडीभोंवतीं फिरणारास मंद चढउतारांचा माळ मिळतो, आणि ज्यास घाटच चढावयाचा आहे त्याचीही निराशा होत नाहीं.

चढाचें नांव काढतांच पुष्कळांस धडकी भरते, म्हणून त्याचा हिशेब मांडून पाहूं. पासष्ट किलो वजनाचा मनुष्य आणि वीस किलोंची साधी सायकल मिळून पंचायशीं किलोंचें ओझें झालें. तें १९० मीटर वर उचलण्यास, शरीर आपल्या अन्नाचा चौथा हिस्साच कामीं लावतें असें धरलें, तर सुमारें दीडशें उष्मांक खर्च होतात. ही झाली ज्वारीच्या एका जाड भाकरीची शक्ति. वारा आणि खडबडीत वाट यांचा खर्च निराळा. पण उंचीचें म्हणून जें भय वाटतें, त्याची किंमत एक भाकरी!

खरी अडचण निराळीच आहे. काम किती, यापेक्षां तें किती वेळांत करावयाचें, यावर दम अवलंबून असतो. साधारण प्रकृतीचा मनुष्य तासभर सारखी ७५ ते १०० वॅट शक्ति देऊं शकतो. वीस मीटरांस एक मीटर अशा चढावर ताशीं ६ किलोमीटरांच्या गतीनें गेल्यास वर चढण्यासाठींच सुमारें ७० वॅट लागतात. गति दुप्पट केली कीं १४० लागतात, आणि छाती भरून येते. तेव्हां घाटांत सायकल माणसाच्या चालीनेंच जाणार, हें निश्चित. शिवाय सायकल हळू झाली कीं डोलूं लागते. सपाटीवर ती सुतासारखी सरळ जाईल, पण चढावर तिला दोन्ही बाजूंस हात-हात जागा जास्त लागते. म्हणजे जेथें सायकल सर्वांत मंद आणि सर्वांत अस्थिर असते, तेथेंच तिला सर्वांत निर्धास्त रस्ता हवा असतो.

महामार्ग तें देऊं शकत नाहीं. वेग दुप्पट झाला कीं आघात चौपट होतो, हा पदार्थविज्ञानाचा नियम शाळेंतील मुलांस ठाऊक आहे. ताशीं ८० किलोमीटरांनीं जाणारा मालट्रक बाजूनें गेला, तर न लागतांही त्याच्या वाऱ्याच्या झोतानें सायकल हेलावते. त्यांतून चौपदरी रस्त्यास मध्यें दुभाजक. पलीकडच्या शेतांत किंवा शाळेंत जावयाचें तर पुलाखालच्या वाटेपर्यंत जाऊन फिरून यावें लागतें. मोटारीस ही फेरी दोन मिनिटांची, पायीं किंवा सायकलीनें जाणारास पाव-अर्ध्या तासाची. मग मनुष्य सोपा मार्ग शोधतो व समोरून येणाऱ्या वाहनांच्या तोंडावर, उलट दिशेनें, रस्त्याच्या कडेकडेनें जाऊं लागतो. त्यास नियम समजत नाहीं असें नव्हे. त्याच्या सोईचा रस्ताच उरलेला नसतो.

हा प्रश्न केवळ हौशी प्रवाशांचा असता, तर त्याची एवढी चर्चा करण्याचें कारण नव्हतें. महाराष्ट्र शासनाच्या मानव विकास कार्यक्रमांतून आठवी ते बारावीच्या वर्गांत शिकणाऱ्या, गांवाबाहेर शाळा असलेल्या गरजू मुलींना सायकलीसाठीं साहाय्य दिलें जातें. सायकल हातीं आली म्हणजे चार-पांच किलोमीटरांवरची शाळा जवळ येते, ही गोष्ट खरी. पण सायकल देऊन भागत नाहीं; ती चालवावी कोठून, याचेंही उत्तर द्यावें लागतें. वाट निर्धास्त नसेल तर आईबाप मुलीस घरीं ठेवतात, आणि नवी सायकल पडवींत भिंतीस टेकून उभी राहते. सुटीच्या दिवशीं शहरांतून माळावर हिंडावयास येणारा सायकलस्वार आणि रोज शाळेस जाणारी ही मुलगी, या दोघांची गरज एकच आहे.

आतां ज्या वाटा उपलब्ध आहेत, त्यांचा विचार करूं. पहिला वर्ग एका गांवाहून दुसऱ्या गांवास जाणाऱ्या लहान डांबरी रस्त्यांचा. २००० सालीं सुरू झालेल्या प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेमुळें व राज्याच्या इतर योजनांमुळें असे रस्ते सर्वत्र झाले. तामलवाडीहून आंत वळलें कीं काटी, सावरगांव यांसारख्या गांवांकडे जाणारे रस्ते याच जातीचे. अशा रस्त्याची डांबरी पट्टी बहुधा तीन-पावणेचार मीटरांची असते. समोरासमोर दोन मोटारी आल्या तर एकीस कडेच्या मुरुमांत उतरावें लागतें. वाहनधारक याची तक्रार करतो. पण हा अरुंदपणाच सायकलस्वाराचें संरक्षण आहे. अरुंद रस्त्यावर कोणास मनांत येईल तसा वेग घेतां येत नाहीं. दोन्ही बाजूंस ज्वारी, तूर, सोयाबीन, मधूनच द्राक्षाचा मांडव. समोरून येणारा दुधाचे कॅन अडकविलेला गवळी, नाहीं तर शेताकडे निघालेला ट्रॅक्टर. ही तेथील वर्दळ. ऊसतोडीच्या दिवसांत मात्र भरलेल्या ट्रॉल्यांपासून जपावें. त्यांच्या दोन्ही अंगांस ऊस बाहेर आलेला असतो.

दुसरा वर्ग गाडीवाटांचा. यांस कोठें पाणंद म्हणतात, कोठें पांदण. दोन गांवांच्या सीमेवरून जाणारी वाट असेल तर शिवरस्ता. बैलगाडीच्या चाकोऱ्यांनीं पडलेल्या या वाटा गांवांचा आणि शेतांचा पिढ्यान्‌पिढ्यांचा संबंध दाखवितात. गाडीवाट पाडणाऱ्यांस बैलाच्या दमाची पारख होती. म्हणून ती डोंगराच्या अंगावर सरळ चढत नाहीं. वळसा घेते, ओढा उथळ असेल तेथेंच ओलांडते, आणि चढाच्या डोक्यावर बहुधा एखादें चिंचेचें किंवा लिंबाचें झाड राखून ठेवते. बैलास जें मानवतें तेंच सायकलस्वारासही मानवतें, कारण दोघेही अंगच्या बळावर चालणारे.

या वाटांचा गुण-दोष मातीवर अवलंबून असतो. माळावरची मुरुमाची वाट पावसानंतर दोन दिवसांत कोरडी होते व चाकाखालीं घट्ट बसते. काळ्या रानांतील वाट मात्र पावसाळ्यांत विसरावी. ती चिकण माती चाकास गुंडाळते, मडगार्डांत ठासून बसते, आणि शेवटीं सायकलीनें माणसास नेण्याऐवजीं माणसानेंच सायकल खांद्यावर घेण्याची पाळी येते. उन्हाळ्यांत तीच माती भेगाळते. तेव्हांही पुढचें चाक जपावें लागतें.

तिसरा वर्ग जुन्या लोहमार्गांचा, आणि त्याचें उदाहरण पाहण्यासाठीं याच महामार्गानें उत्तरेस धाराशिव ओलांडून येडशीपर्यंत जावें लागतें. बार्शी लाइट रेल्वे ही अडीच फूट रुंदीची चिमुकली आगगाडी एव्हरार्ड कॅल्थ्रॉप या इंग्रज इंजिनियरानें उभारली. १८९७ सालीं ती आजच्या कुर्डुवाडीपासून बार्शीपर्यंत सुरू झाली व १९११ पर्यंत बालाघाटचा कांठ चढून लातुरास पोंचली. त्या वेळीं ती धाराशिव शहरास न शिवतां येडशीवरून जात असे. २००७ व २००८ या सालीं हा मार्ग रुंद करण्यांत आला, तेव्हां तो वळवून शहरास जोडला. त्यामुळें जुन्या रेषेचा कांहीं भाग आगगाडीच्या कामाचा उरला नाहीं.

लोखंडी चाक लोखंडी रुळावर सहज घसरतें. म्हणून आगगाडीस तीव्र चढ चालत नाहीं. डोंगर कितीही उभा असला तरी इंजिनियर खोदाई करून, भराव घालून, लांब वळणें घेऊन चढ मंद राखतो. हें काम फार खर्चाचें असतें, पण एकदा झालें म्हणजे रूळ काढून नेले तरी तो मंद चढ तेथेंच राहतो. सायकलीसाठीं यापेक्षां चांगली वाट कोणी मुद्दाम आंखली नसती.

परदेशांत या गोष्टीचा पुरा उपयोग करून घेतलेला आहे. अमेरिकेंतील विस्कॉन्सिन राज्यांत एल्रॉय ते स्पार्टा हा सुमारें ३२ मैलांचा लोहमार्ग बंद पडला, तेव्हां त्याचे रूळ काढून १९६७ सालीं त्यावर सायकलवाट केली. तिच्यावर तीन बोगदे आहेत. स्पेन देशानें १९९३ पासून जुन्या लोहमार्गांच्या ‘हिरव्या वाटा’ करण्याची योजनाच हातीं घेतली. तेथील आंदालुसिया प्रांतांत ओल्व्हेरा ते पुएर्तो सेर्रानो ही ३६ किलोमीटरांची डोंगरी वाट आहे. तिच्यावर तीस बोगदे व अनेक पूल आहेत, आणि गंमत अशी कीं, त्या लोहमार्गावरून आगगाडी कधींच धांवली नाहीं. बांधकाम अर्धवट राहिलें व पुढें तें सायकलस्वारांच्या कामीं आलें. ज्या खेड्यांस आगगाडीनें फसविलें, त्यांच्या खानावळी आतां सायकलवाल्यांमुळें चालतात.

या उदाहरणांतून घ्यावयाचा बोध एकच: त्या वाटांचें खरें मोल त्या अखंड आहेत यांत आहे. दहा किलोमीटरांची वाट मध्यें शंभर पावलें तुटली तर ती दहा किलोमीटरांची राहत नाहीं. तेवढ्या शंभर पावलांसाठीं माणसास पुन्हा महामार्गावर यावें लागतें. आपल्या गाडीवाटांवर आज हेंच संकट आहे. शेताच्या वांटण्या होतात, बांध कोरला जातो, कोणी वाटेवर तारेचें कुंपण घालतो, कोणी नांगर फिरवितो. एकेकाचा लाभ हातभर जमिनीचा; पण वाट सगळ्या गांवाची जाते.

यावर उपाय नाहीं असें नव्हे. गांवच्या नकाशांत गाडीवाट तुटक दुहेरी रेषेनें व पायवाट तुटक एकेरी रेषेनें दाखविण्याची पद्धत आहे, आणि तो नकाशा कोणासही पाहावयास मिळूं शकतो. वहिवाटीच्या रस्त्यावर कोणी अडथळा केला, तर मामलतदार न्यायालय अधिनियम, १९०६ अन्वयें तो दूर करविण्याचा अधिकार तहसीलदारास आहे. शेतास वाटच नसेल, तर महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ च्या कलम १४३ खालीं बांधावरून वाट मागतां येते. २०२१ सालीं शासनानें शेत व पाणंद रस्त्यांसाठीं ‘मातोश्री ग्रामसमृद्धि’ नांवाची स्वतंत्र योजनाही आंखली. या तरतुदी शेतकऱ्याचा माल बाहेर यावा म्हणून केलेल्या आहेत. पण शेतकऱ्याची गाडी जेथून निघेल, तेथून त्याच्या मुलीची सायकलही निघेल.

आतां ज्यांस या वाटांनीं प्रत्यक्ष जावयाचें आहे, त्यांच्यासाठीं चार व्यवहाराच्या गोष्टी. ऋतु निवडावा तो दिवाळीपासून माघापर्यंतचा. तेव्हां वाट कोरडी असते, ज्वारी उभी असते व ऊन सोसतें. चैत्र-वैशाखांत येथें पारा चाळिसाच्या वर जातो. त्या दिवसांत निघावयाचेंच तर पहांटे निघून नऊच्या आंत सावली गांठावी. माळावर बाभळीचे, विशेषतः वेड्या बाभळीचे कांटे पसरलेले असतात. म्हणून पंप, पंक्चरचें सामान आणि एक जादा ट्यूब जवळ असल्याखेरीज निघूं नये. पाणी दोन बाटल्या तरी असावें. उतारावर दोन्ही ब्रेक बेताबेतानें दाबावे. मुरुमावर केवळ पुढचा ब्रेक दाबणारा हमखास पडतो. भ्रमणध्वनींतील नकाशा उपयोगीच आहे. पण ओढ्यास पाणी आहे कीं नाहीं, कोणाच्या रानांतून वाट बंद आहे, हें तो सांगत नाहीं. तें वाटेवर भेटणारा गुराखी सांगतो. त्यास रामराम घालून दोन शब्द बोलावे. पिकांतून सायकल घालूं नये, फाटक उघडलें तर परत लावावें, आणि कोणाच्या द्राक्षाच्या मांडवास हात लावूं नये. आपण परक्याच्या शिवारांतून जात आहों, याचें भान ठेवणारास तेथें पाणी मागावें लागत नाहीं. तें आपण होऊन पुढें येतें.

आणखी एक गोष्ट सांगितल्यावांचून हा विषय पुरा होत नाहीं. माळ म्हणजे पडीक व रिकामी जागा, असा शहरवासीयांचा समज असतो. सोलापूरच्या उत्तरेस नान्नज येथें १९७९ सालीं माळढोक पक्ष्यासाठीं अभयारण्य करण्यांत आलें, तें अशाच गवताळ माळाचें महत्त्व ओळखून. माळढोक आतां क्वचितच दृष्टीस पडतो. पण काळविटांचे कळप, तित्तिर, आभाळांत उंच जाऊन गाणारा चंडोल हे या मुलखाचे रहिवासी आजही आहेत. मोटारींतून यांपैकीं कांहींच कळत नाहीं. सायकलीवरून मात्र चाकाखालच्या मुरुमाची कुरकुर, दूर कोठें चाललेली मळणी, आणि मध्येंच चंडोलाचें गाणें असें सगळें ऐकूं येतें. शांततेंत ऐकण्यासारखें किती असतें, हें तेथें समजतें.

महामार्ग देशास हवाच आहे. त्यावरून धान्य येतें, रुग्ण दवाखान्यांत पोंचतो, दूरचीं माणसें जवळ येतात. परंतु गांवास एकच रस्ता असावा आणि तो महामार्ग असावा, ही स्थिति चांगली नव्हे. जो घाईंत आहे त्याच्यासाठीं चौपदरी रस्ता आहे. जो हळू जातो, मग तो देवीस निघालेला वारकरी असो, शाळेची मुलगी असो, कीं सुटीच्या दिवशीं शहरांतून आलेला सायकलस्वार असो, त्याच्यासाठीं तामलवाडीच्या माळावरची ती जुनी, वळसे घेत जाणारी वाट शिल्लक राहिली पाहिजे. कोजागिरीची पौर्णिमा सरली कीं दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीं मोटारी परत येतात आणि पायीं चालणारे पुन्हा रस्त्याच्या कडेस होतात. त्या कडेपासून थोडें आंत, दोन शेतांच्या मधून, एक चाकोरी अजून गेलेली असते. ती बुजली नाहीं, एवढें गांवानें पाहिलें तरी पुरे.